डावे हात बांधलेला रविवार

कोट कापायला बाहेरच्या कटरला सोमवारी सकाळी नऊला यायला सांगून झालं होतं, त्यामुळे निदान हा एक रविवार तरी शांततेत जाईल असं दादाला वाटत होतं. असं त्याला आयुष्यात बऱ्याचदा वाटलं होतं.

तो दुकानात शिरला आणि दारातच थांबला. ज्या लांब टेबलावर आधी आजोबांनी, मग वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, आणि गेली बावीस वर्षं त्याच्या धाकट्या बहिणीनं कापड कापलं, ते टेबल झाडूनपुसून लख्ख केलेलं होतं. चाळीस कोट शिवायला दिलेल्या वाद्यवृंदानं नमुन्याच्या कोटासाठी पाठवलेलं काळं कापड त्यावर पसरलेलं, आणि टेबलाच्या एका टोकाशी बहीण उभी, उजव्या खांद्यावर कॅनव्हासच्या चार पट्ट्या टाकून. तिला घरीदारी सगळे मास्तर म्हणत. आत्या म्हणणारी फक्त दादाची मुलगी, तीही लाडात आली तरच.

"हे काय चाललंय?" दादानं विचारलं.

"परीक्षा. बोलाव सगळ्यांना. अण्णांनासुद्धा."

"कसली परीक्षा? उद्यापासून चाळीस कोट कापायचेत, बाहेरचा माणूस येतोय. ठरलंय."

"तुझं ठरलंय," मास्तर म्हणाली. "माझं कुणी विचारलंच नाही."

हे खरं होतं, आणि म्हणूनच दादाला ते झोंबलं. नऊ महिन्यांपूर्वी वरच्या फळीवरचा तागा काढताना मास्तर शिडीवरून पडली. खांद्याचं हाड जुळलं, पण दुखावलेली शीर काही पूर्ववत झाली नाही. डावा हात कोपरात वाकलेलाच राहायचा, छातीच्या वर जायचा नाही, आणि बोटं दाबू शकायची पण धरू शकायची नाहीत. आता जेवढं आलंय तेवढंच, असं डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सांगून टाकलं होतं. मधल्या काळात दादाच्या मुलीनं साधी कापाकापी निभावून नेली, पण कोट तिच्या आवाक्यातला नव्हता. बाहेरचा कटर कोटातला नावाजलेला. त्याची अट एकच: टेबल कायमचं त्याचं, दुसरं कुणी तिथं उभं राहायचं नाही. मास्तरनं मग काउंटरवर बसून गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं. हे काम तिला दोन्ही हात धड होते तेव्हाही कधी जमलं नव्हतं.

सगळे जमले. अण्णा काठी टेकत आले आणि टेबलाजवळच्या उंच खुर्चीवर बसले. वहिनी, म्हणजे दादाची बायको, हात पुसत आली. काजं-बटणं आणि सगळी हातशिलाई तिच्याकडे. शेवटी आली मुलगी, वय बावीस, अंगानं काडी आणि जिभेनं टोकदार, म्हणून तिला टाचणी म्हणत.

"नीट ऐका," मास्तर म्हणाली. "हा कोट मी कापणार. एकटी. वहिनी आणि टाचणीनं तो कच्चा शिवायचा. ज्यांच्या मापाचा हा कोट आहे ते व्हायोलिनवाले पाच वाजता ट्रायलला येतील. कोट बसला, तर उद्या तो माणूस येणार नाही. नाही बसला, तर मीच त्याला दार उघडेन आणि मुकाट्यानं काउंटरवर जाऊन बसेन. तोंडातून चकार शब्द काढणार नाही."

"ते तुला जमायचं नाही," अण्णा म्हणाले.

"काय, कोट?"

"चकार शब्द न काढणं."

टाचणी फिस्सकन हसली. दादा हसला नाही. "कापड एकाच कोटापुरतं आलंय," तो म्हणाला. "वाया गेलं तर दुसरं नाही. त्यांना काय सांगू मी?"

"सांग की बहिणीनं घालवलं. मी येते बरोबर. आणि आता डावे हात पुढे करा."

"कशाला?"

"बांधायला. शेवटचा तुकडा कापून होईपर्यंत. नऊ महिने बघतेय मी. बरणी हातात घेतली की कुणीतरी ती उघडून देतं. चमचा पडला की चार जणं वाकतात. मी आधी काय करते ते कुणी बघतच नाही. आज कापड जरा सरकलं की तुम्ही झेप घेणार, आणि मग उद्या हाच दादा म्हणणार की शेवटी धरावं लागलंच."

दादा अगदी हेच म्हणाला असता.

पट्टीचं एक टोक दातांत, दुसरं बोटांत, एक वेढा, टोक आत, आणि झटका. चार माणसं, चार झोळ्या, चार पक्क्या गाठी. ही हे कधी शिकली, हा प्रश्न दादाच्या मनात आला. त्याला उत्तर माहीत नव्हतं, आणि एकाच घरात राहून ते माहीत नसावं याची त्याला लाज वाटली.

*

चहा झाल्याशिवाय कात्रीला हात लावायचा नाही हा अण्णांचा नियम. त्यामुळे सगळी वरात आधी दुकानामागच्या स्वयंपाकघरात गेली.

वहिनीला आपल्या हातांची जरा घमेंडच होती. एका तासात आठ काजं, तीही बोलता बोलता. तिनं ऐटीत किटली उचलली आणि तिच्या लक्षात आलं की झाकण धरायला कुणीच नाही. झाकण पडलं, गरम चहा अर्धा कपात आणि अर्धा टेबलावर.

"आई, तू राहू दे, मी करते," म्हणत टाचणीनं बिस्किटांचा पुडा उचलला, दातांनी ओढला, आणि पुडा असा फाटला की खुर्चीखालून बिस्किटं वेचावी लागली. दादा पावाला लोणी लावत होता. म्हणजे तो सुरीनं पाव ढकलत होता आणि पाव पुढेपुढे पळत होता. अखेर पाव टेबलाच्या कडेवरून खाली गेला, अर्थातच लोण्याच्या बाजूवर.

"याला काहीतरी युक्ती असणार," दादा वैतागून म्हणाला.

"आहे ना," मास्तर म्हणाली. तिनं काठ असलेली थाळी घेतली, पाव तिच्या कोपऱ्यात सरकवला आणि काठाच्या दिशेनं लोणी फासलं. पाव जाणार कुठं? अण्णा उकडलेल्या अंड्याशी झटापट करत होते. तिनं ते त्यांच्यापुढून घेतलं, टेबलावर आपटलं, तळव्याखाली दोनदा गरगर फिरवलं आणि चमच्याचं टोक सालाखाली सारलं. साल एका पापुद्र्यात निघालं. मग मुरंब्याची बरणी. चमच्यांचा खण उघडून तिनं बरणी आत बसवली, कमरेनं खण दाबून धरला आणि झाकण फिरवलं.

वहिनी त्या खणाकडे बघतच राहिली. त्या खणात मुरंब्याचे डाग पडतात म्हणून तिनं महिनाभर टाचणीला फैलावर घेतलं होतं.

"म्हणजे ते तुम्ही होतात, वन्सं?"

"मीच. टाचणीला ठाऊक होतं."

"मग तू बोलली का नाहीस गं?"

"आत्यानं शपथ घातली होती," टाचणी म्हणाली. "तुला कळलं असतं तर तू बरणी उघडून ठेवायला लागली असतीस."

वहिनी खाली बसली. तिच्या डोक्यात भलताच विचार आला होता आणि तो तिला अजिबात आवडला नव्हता. "वन्सं, खरं सांगा. शर्टाची बटणं लावता येतात तुम्हाला?"

मास्तरनं चहाचा घोट घेतला. "चार महिने झाले."

"चार महिने! आणि मी रोज सकाळी हातातली कामं टाकून धावत येते!"

"तू यायचीस आणि मी काही बोलायच्या आत खालून वरपर्यंत लावून मोकळी व्हायचीस. पहिल्यांदा म्हटलं, सांगू. मग तुझा चेहरा बघितला. पडले त्या दिवशी शिडी तू धरली होतीस ना?"

नऊ महिन्यांत हे कुणी उच्चारलं नव्हतं. शिडी वहिनीनंच धरली होती. दारात गिऱ्हाईक आलं म्हणून तिनं क्षणभर मान वळवली होती, हात सैल झाला होता. रोज सकाळी बटणं लावताना तिला तोच क्षण आठवायचा. बाहेरच्या कटरला बोलवा असं नवऱ्याच्या मागं लागणारीही तीच होती, कारण त्या टेबलापाशी पुन्हा काही झालं असतं तर ते तिला सोसलं नसतं.

"माझा राग नाही आला तुम्हाला?"

"आला होता. पहिले चार-पाच महिने चांगला सडकून आला होता," मास्तर म्हणाली. "मग एकदा तुझ्या आधी उठून मी सगळी बटणं लावून बघितली. सात बटणांना अर्धा तास लागला, घाम फुटला. इतका आनंद झाला की राग विसरूनच गेले. परत उघडली आणि तुझी वाट बघत बसले."

वहिनी एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. एका हातानं धड यातलं काहीच जमेना. मग तिनं आपली खुर्ची उचलली, एका हातानं, फरफटत, आणि नवऱ्याच्या शेजारून काढून मास्तरच्या शेजारी नेऊन ठेवली.

दादानं ते बघितलं. "छान," तो म्हणाला. "घर फिरलं."

*

अकराला सगळे टेबलापाशी आले. बाहेरचा कटर आला तर टाचणीलाही त्या टेबलाला हात लावायला मिळणार नव्हता, पण आत्ता तिला ते सुचतही नव्हतं. आत्यानं जिंकावं, बस्स.

आत्यानं लोखंडी वजनं मांडली. सहा वजनं कापडाच्या कडांवर. मग डावा हात उजव्या हातानं उचलून तिनं तो कोपरापासून मनगटापर्यंत कापडावर आडवा ठेवला.

"सात," ती म्हणाली. "याला मी आता वजन म्हणूनच धरते. घरचंच आहे, हरवत नाही."

मग मापं. या घराची ही जुनी रीत होती. माप घेणारा माप बोलणार आणि कापणारा ते मोठ्यानं परत बोलणार. परत बोललं की माप मान्य. पुढं कोट बिघडला तर जबाबदारी कापणाऱ्याची. दादानं वही उघडली.

"छाती बेचाळीस."

"छाती बेचाळीस."

"खांदा अठरा."

"खांदा अठरा."

"पाठ साडेसतरा."

आत्या गप्प.

"पाठ साडेसतरा," दादा पुन्हा म्हणाला. मग जरा थांबून, "बाही साडेचोवीस."

आत्या गप्पच. टाचणीनं अण्णांकडे बघितलं. अण्णा खुर्चीत ताठ झाले होते. तीन पिढ्यांत कापणाऱ्यानं माप परत बोललं नाही असं एकदाही झालं नव्हतं.

"ऐकू आलं ना?" दादाचा आवाज चढला.

"आलं. दादा, हे माप तू कसं घेतलंस?"

"कसं म्हणजे? चाळीस वर्षं घेतोय तसं. माणूस सरळ उभा, हात खाली सोडलेले."

"चाळिसांचंही तसंच?"

"चाळिसांचंही तसंच!"

"आणि ते कोट घालून ही माणसं काय करणार? हात खाली सोडून उभी राहणार?"

टाचणीला एकदम सगळं दिसलं, खुर्च्यांवर बसलेले चाळीस वादक, एकाचाही हात खाली नाही.

"कोपर वाकलं की बाही वर ओढली जाते," आत्या भराभर बोलायला लागली. तिचे डोळे चमकत होते. "मला विचारा! नऊ महिने माझं कोपर वाकलेलंच आहे. हात पुढं घेतला की पाठ ताणते. आणि मुंढा, म्हणजे बाही जिथं खांद्याला जोडली जाते ना, तो तर आपण सपशेल चुकीचा कापतो. सैल हवा म्हणून खाली उतरवतो, आणि हात उचलला की अख्खा कोट उचलला जातो. मुंढा काखेला लागून, वर हवा."

"मुंढा वर?" अण्णांनी काठी आपटली. "मुंढा खाली हे मी शिकवलंय तुला! मला माझ्या बापानं शिकवलंय! आखडलेल्या माणसाला सैल मुंढा, हे पोरंसोरं पण सांगतील!"

"अण्णा, तुम्ही सकाळी माझ्या बाजूनं होतात."

"सकाळी तू शहाणी होतीस!"

"मी पण सैलच केला होता," आत्या म्हणाली. "हॉस्पिटलमधून आल्यावर माझ्या सगळ्या शर्टांचे मुंढे उसवून मोठे केले. व्यायामाला भिंतीवर हात सरकवायचा असतो, तो एका खुणेच्या वर जाईचना. शेवटी चिडून मी एक शर्ट परत उसवला आणि मुंढा वर घेतला. त्याच दिवशी हात दोन इंच वर गेला! व्यायामवाल्या बाई इतक्या खूश झाल्या, त्यांना वाटलं त्यांच्या व्यायामानंच गेला. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही."

वहिनी टाळी वाजवायला गेली आणि हात बांधलाय हे तिला आठवलं. मग तिनं टेबलावरच थाप मारली.

दादाचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे माझी चाळीस मापं कचऱ्यात?"

"चाळीस माणसांचे हात खाली असतानाची मापं आहेत ती. चुकीची नाहीत. अपुरी आहेत."

"बाबा, त्यांना आत्ताच बोलवू या ना," टाचणी मध्ये घुसली. "व्हायोलिन घेऊन! पाचच्या ऐवजी आत्ता!" आणि कुणी हो म्हणायच्या आत तिनं अंगठ्यानं नंबर लावला.

अर्ध्या तासात व्हायोलिनवाले धापा टाकत आले. अंगानं भरलेले, काखेत वाद्याची पेटी. दारात उभे राहून त्यांनी झोळीत हात अडकवलेली चार माणसं बघितली आणि घाबरून विचारलं, "अहो, झालं तरी काय तुम्हा सगळ्यांना?"

"घरगुती आहे," अण्णा म्हणाले. "बसा."

ते खुर्चीवर बसले, व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. दादा टेप घेऊन पुढे झाला आणि अडला. टेपचं एक टोक खांद्यावर, दुसरं मनगटावर, आणि हात एक. त्यानं दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा टोक घसरलं. टाचणीला वाटलं आता बाबा झोळी फाडून काढणार.

तेवढ्यात आत्या टेबल सोडून आली. तिनं खांद्यावरचं टोक आपल्या उजव्या हातानं दाबून धरलं. दादानं आपल्या उजव्या हातानं टेप कोपरावरून वळवत मनगटापर्यंत नेली. दोघं लहानपणानंतर पहिल्यांदाच इतकी जवळ, एकाच टेपला धरून उभी होती. दादानं आकडा बघितला. परत बघितला.

"किती?" अण्णांना राहवेना.

"सव्वीस," दादा हळू आवाजात म्हणाला.

"दीड इंच!" टाचणी ओरडली.

"पाठ घे," आत्या म्हणाली. पाठ साडेएकोणीस निघाली. पूर्ण दोन इंच! दादानं वहीतला जुना आकडा खोडला आणि नवा लिहिला. वही हलत होती, ती वहिनीनं कोपरानं दाबून धरली.

"हे बघ," तो बहिणीला म्हणाला, "मी माप बोलतोय. पण कोट ओढला, तर उद्या तो माणूस येणार. शब्द म्हणजे शब्द."

"बोल की."

"पाठ साडेएकोणीस."

"पाठ साडेएकोणीस!"

"बाही सव्वीस."

"बाही सव्वीस!" आत्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल.

खडूच्या रेघा झरझर उमटल्या. मोजपट्टीच्या खाली तिनं रबराचे तुकडे चिकटवले होते, त्यामुळे पट्टी जागची हलत नव्हती. पाठीत मुंढ्यालगत तिनं दोन चुण्यांची जागा ठेवली, एरवी मिटलेल्या राहतील आणि हात पुढे गेला की उघडतील अशा. व्हायोलिनवाले पाचला परत येतो म्हणून गेले, चौघं खुर्च्यांवर बसली आणि तिनं मोठी कात्री घेतली. आत्या कापड फिरवत नव्हती, स्वतः टेबलाभोवती फिरत होती. वजन उचल, पुढे ठेव, चार इंच काप, वजन उचल, पुढे ठेव. वेळ लागत होता, पण पाती रेघेवरून केसभरही हलली नाही. पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले, कॉलर झाली, एक बाही झाली.

दुसऱ्या बाहीच्या वळणावर ते घडलं. डावा हात थकला होता. तो सरकला, त्याच्याबरोबर कापड सरकलं आणि कात्रीच्या पुढं त्याची सुरकुती उभी राहिली. उघडी पाती कापडात. कात्री सोडली तर तिच्या भारानं कापड फाटणार, मिटली तर सुरकुती कापली जाणार. उरलेली वजनं टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला. चारही खुर्च्या एकदम करकरल्या. टाचणी उठलीच होती. तिचा डावा हात इतक्या जोरात पुढे गेला की गाठ मानेला काचली.

"हात खाली!" आत्या गरजली.

सगळे होते तिथं थिजले. आत्या वाकली आणि तिनं आपली हनुवटी कापडावर टेकवली. हनुवटीनंच तिनं सुरकुती मागं ओढली, कापड ताणून धरलं, गाल टेबलाला लावला आणि एक डोळा मिटून पात्याच्या रेषेत बघत वळण कापून काढलं. शेवटचा खच्चकन आवाज आला आणि बाही सुटी झाली.

"हनुवटीनं!" अण्णा म्हणाले. "माझ्या बापानं हे बघितलं असतं तर..."

"तर काय?" आत्यानं विचारलं.

"तर मलाही शिकवलं असतं," अण्णा म्हणाले आणि खिशात रुमाल शोधायला लागले.

*

हात सुटले तसं वहिनी आणि टाचणी कच्च्या शिलाईवर तुटून पडल्या. दुपार कशी गेली कुणालाच कळलं नाही. मास्तर खुर्चीवर बसून होती आणि थकव्यानं तिचा खांदा ठणकत होता. करण्यासारखं तिच्यासाठी आता काही उरलं नव्हतं, आणि तिला सगळ्यात अवघड गेलं ते हेच.

पाच वाजता व्हायोलिनवाले पुन्हा आले आणि कोट घालून आरशासमोर उभे राहिले. पांढरे टाके, आत अस्तर नाही, कॉलरला कच्चा दोरा. हात खाली सोडल्यावर बाही मनगटाच्या खाली उतरली. बाही लांब दिसत होती.

"मुंढा घट्ट वाटतोय," ते म्हणाले.

"वाजवा," मास्तर म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

ते बसले. व्हायोलिन हनुवटीखाली गेलं, कोपर वाकलं, बाही बरोबर मनगटाच्या हाडावर येऊन थांबली. पाठीतल्या चुण्या उघडल्या. त्यांनी गज उचलला, आधी एक लांब सूर, मग भराभर वर चढत जाणारे सूर, गज वरखाली, हात पूर्ण लांब, पूर्ण जवळ. मास्तरचं लक्ष सुरांकडे नव्हतं. ती कोटाची कॉलर बघत होती. कॉलर मानेला चिकटून होती, तसूभरही उचलली जात नव्हती. दादा वाकून पाठीमागून बघत होता, वहिनी बाजूनं. टाचणी खाली गुडघ्यांवर बसून कोटाची खालची कड बघत होती. कड स्थिर होती.

व्हायोलिनवाले थांबेचनात. रस्त्यावरची दोन माणसं आत डोकावली. अखेर त्यांनी गज खाली घेतला आणि ते जरा गोंधळूनच म्हणाले, "मी कोट घातलाय हे मधे विसरूनच गेलो हो. वीस वर्षं वाजवतोय. पहिल्यांदाच विसरलो."

टाचणीनं आईला मिठी मारली आणि दोघी ओरडायला लागल्या. अण्णांनी उठून व्हायोलिनवाल्यांच्या काखेतून बोटं फिरवली, मुंढा दाबून बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कापायला मीच शिकवलंय तिला."

"चेलोवाल्यांचं माप उद्या बसूनच घ्यायला हवं," दादा आपल्याशीच बोलत होता, "आणि ड्रमवाल्यांचे तर दोन्ही हात वर... बासरीवाल्या बाईंचे दोन्ही एका बाजूला..." मग तो एकदम थांबला, फोन काढला आणि बाहेरच्या कटरला लावला. दादाला फोन कानाला लावून बोलता येत नसे. तो कायम स्पीकर लावून, फोन तोंडासमोर धरून ओरडत बोलायचा.

"उद्या येऊ नका," तो म्हणाला. "तसदी दिली, माफ करा. कोट कापून झाला. उत्तम बसला!"

"अरे वा!" पलीकडून आवाज आला. "म्हणजे मास्तरांचा हात बरा झाला म्हणायचा?"

हा प्रश्न नऊ महिने रोज कुणी ना कुणी विचारत होतं. दादा प्रत्येकाला हेच सांगायचा, होतोय, होईल, बराच फरक आहे. मास्तरला ते पाठ झालं होतं. तिनं खडूची पूड झटकायला घेतली आणि नजर टेबलावर ठेवली.

"नाही," दादा म्हणाला. "हात आहे तसाच आहे. तसाच राहणार."

"मग चाळीस कोट कापणार कोण?"

"तीच," दादा म्हणाला.

मास्तरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. शिडीवरून पडली तेव्हा ती रडली नव्हती, डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही नाही. आत्ता ती आनंदानं रडत होती आणि ते लपवायचंही तिच्या मनात आलं नाही. वहिनीचा हात रुमालाकडे गेला आणि तिथंच थांबला. टाचणीनं दोन्ही हात पाठीमागं धरले. मास्तरनं उजव्या हातातला खडू खाली ठेवला, खिसा चाचपला, रुमाल काढला, एका हातानं झटकून उलगडला आणि आपले डोळे आपण पुसले. त्याला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ सगळे थांबले.